घाटावरची बुलेट आणि तेलाचा ताप

भाच्यानं खोकं उघडून आतली वस्तू फडक्यावर मांडली, तेव्हा गॅरेजवाल्या मामांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. शाळकरी वहीएवढी अॅल्युमिनियमची जाळी, तिला दोन तोंडं, स्टीलच्या तारेनं विणलेले दोन होज पाइप, चार बँजो बोल्ट आणि प्लास्टिकच्या पुडीत तांब्याचे वायसर.

“फ्रीजच्या मागची जाळी काढून आणली काय बे?”

“ऑइल कूलर आहे मामा. सरांच्या बुलेटसाठी.”

“सरानं मागतला?”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या ग्लासात पाहिलं.

मागितला नव्हता, पण रडगाणं मीच गायलो होतो. गाडी वडिलांची. १९८६ सालची, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची, उजव्या पायानं गिअर टाकायची बुलेट. आमचं धाड घाटावर, बहीण घाटाखाली मलकापूरला. बुलढाणा जिल्ह्यात माणसाचा पत्ता विचारताना आधी घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात, आणि एप्रिल लागला की या दोन शब्दांमधला फरक अंगाला कळतो. जाताना राजूरचा घाट उतरून गाडी निमूट जाते. येताना मोताळा सोडून चढाला लागली की दमते. पोटरीला धग लागते, जळक्या तेलाचा वास येतो, तिसऱ्या गिअरवर ओढायची ती दुसरा मागते. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. बजाजचा कारखाना तिथं १९८५ साली सुरू झाला आणि आमच्या भागातल्या पोरांना एक वाट मिळाली. धाड पडतं बुलढाण्याहून संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर, जालना जिल्ह्याची हद्द हाकेवर. इथली पोरं नागपूरकडं पाहत नाहीत, वाळूजकडं पाहतात.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. “मामा, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तेल फक्त वंगण नसतं. पिस्टनच्या खालच्या अंगाची, हेडमधली उष्णता तेच उचलून आणतं. पेट्रोल जळून जेवढी उष्णता होते तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची सायलेन्सरातून, पात्यांतून नाहीतर तेलातून बाहेर जायला पाहिजे. तेलाला थंड व्हायला जागाच नसेल तर तेच गरम तेल फिरत राहणार. गरम झालं की पातळ होणार. वीस-पन्नास ग्रेडचं तेल चाळीस अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या आठवा-नववा हिस्सा दाटपणा शंभर अंशांवर उरतो. एकशेवीसला आणखी कमी.”

“पातळ व्हाले पाह्यजेच ना. सकाळच्या थंड तेलानं इंजिन फिरतं का मोकळं?”

“पातळ व्हावं, पण पाणी होऊ नये.”

मामांनी मान हलवली. ही त्यांची पद्धत आहे. जे पटतं त्यावर बोलत नाहीत.

“मले एक सांग. घरातला कूलर गारवा कायच्यानं देतो? वाळ्यावर पाणी पडतं, ते उडतं, म्हणून. तुह्या या कूलरात पाणी कोठी हाये? मलकापूरले बाहेर पंचेचाळीस डिग्री. तीच हवा या जाळीत घुसणार. गरम हवेनं गरम तेल थंड करतं?”

विदर्भात कूलर या शब्दाचा एकच अर्थ आहे, त्यामुळे हा सवाल गॅरेजमधल्या बाकीच्या दोघा-तिघांना फार आवडला. भाचा मात्र हसला नाही. “तेल एकशेवीसवर असेल आणि हवा पंचेचाळीसवर, तर मध्ये पंच्याहत्तर अंशांचा उतार आहे. उतार असला की उष्णता वाहणार. हवा गार असायची गरज नाही, तेलापेक्षा कमी गरम असली की झालं.”

“अन् डिसेंबरात?”

“डिसेंबरात उतार आणखी मोठा.”

“म्हणजे ज्या दिवशी गरज नाही त्या दिवशी तुहा कूलर जोरात, अन् ज्या दिवशी जीव जातो त्या दिवशी ढिला.”

भाचा क्षणभर गप्प झाला. मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात धारदार वाक्य हेच होतं, आणि ते सहावी शिकलेल्या माणसाचं होतं. भाच्याकडं उत्तर होतं, पण ते खोक्यात नव्हतं: थर्मोस्टॅट. तेल ठरावीक तापेपर्यंत त्याला कूलरकडं जाऊच न देणारा झडपेचा तुकडा. “तो वेगळा घ्यावा लागतो,” तो म्हणाला. किंमत त्यानं सांगितली नाही, मामांनी विचारली नाही.

थंड तेलाचा विषय मामांनी काढला तो मला टोचण्यासाठी. जानेवारीत याच गाडीचं टॅपेटचं झाकण त्यांनी माझ्यासमोर उघडलं होतं. आतून ताकाच्या फेसासारखा पिवळट लगदा निघाला. मी घाबरलो, वाटलं काहीतरी फुटलं. फुटलं काही नव्हतं. घर ते शाळा, शाळा ते शेत एवढीच माझी रोजची फेरी. तेल तापायच्या आत गाडी बंद. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच, थोडी पिस्टनच्या बाजूनं खाली उतरते, आणि तेल तापलेलंच नसेल तर ती उडून न जाता तिथंच घुसळली जाते. मामांनी बोटावर तो लगदा घेऊन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले होते, “सर, गाडीले ताप येऊ द्या कधीमधी.” तर या गाडीची वर्षातली तीनशे दिवसांची तक्रार थंडपणाची आणि वीस-पंचवीस दिवसांची तक्रार उष्म्याची. कूलर लावायचा तो कोणत्या गाडीला, हे मलाच कळेना.

पण भाच्याची बाजू मांडली पाहिजे, कारण धाडच्या गॅरेजात ती मांडणारा तो एकटाच होता. त्यानं दाखले दिले. बजाजनं २००७ साली पल्सर २२० आणली ती ऑइल कूलर लावूनच. यामाहाच्या एफझी २५ ला आहे. आणि बुलेटवाल्यांनी तर बोलूच नये, कारण रॉयल एनफिल्डनं स्वतः २०१६ च्या हिमालयनला आणि २०१८ च्या ६५० सीसीच्या इंटरसेप्टरला तो बसवला. सुझुकीनं १९८५ साली जीएसएक्स-आर ७५० काढली, तिच्यात पाणी न वापरता तेलानंच इंजिन थंड केलं. ती कल्पना त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या इंजिनावरून सुचली होती. “म्हणजे कंपनीनं केलं की शास्त्र, अन् आम्ही केलं की जुगाड?” त्याचा आवाज चढला होता.

“कंपनीनं केलं तव्हा पंपही मोठा केला,” मामा म्हणाले. “तुह्या पल्सरचं इंजिन नऊ हजारावर फिरतं. हे बुढं पाच हजारावर गेलं तरी मी देवाले नारळ फोडीन. साडेतीनशे सीसीत अठरा घोडे, तेही कागदावर. एवढ्याशा कामाचा ताप किती असणार? १९५५ पासून मद्रासले हे इंजिन बनलं. फौजेनं राजस्थानच्या वाळूत फिरवलं. तिथी कोणी जाळी लावली नाही.”

हा युक्तिवाद मला कच्चा वाटला, आणि मी तसं म्हणालोही. फौजेकडं दर छावणीत मिस्त्री असतो आणि वेळेवर तेल बदललं जातं. माझ्याकडं या दोन्हींतलं काही नाही. शिवाय कंपनीनं पुढं ते ओतीव लोखंडाचं सिलिंडर टाकून अॅल्युमिनियमचं घेतलं. लोखंडापेक्षा अॅल्युमिनियम उष्णता तिपटीहून जास्त वेगानं पुढं ढकलतं. जुनं सगळं बरोबर होतं तर बदललं कशाला?

“आता सरही तुह्याकडून झाले,” मामा भाच्याला म्हणाले, आणि पहिल्यांदा पाना खाली ठेवला. “चाल, लावू. दाखव कोठी लावतं ते.”

इथून पुढचा अर्धा तास मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीचं पोट समजून घेतलं. बुलेटच्या जुन्या इंजिनात तेलाची टाकी वेगळी लटकलेली नसते. ती क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या अंगाला असते. दोन पंप: एक टाकीतून तेल ओढून पुढं ढकलतो, दुसरा खाली जमलेलं तेल उचलून परत टाकीत आणतो. दोन्ही क्रँकच्या टोकावरच्या वर्मनं सावकाश चालणारे. ज्या इंजिनाची तेलाची टाकी वेगळी, त्याच्यात कूलर लावायचा तर परतीच्या वाटेवर लावावा, हे दोघांनाही मान्य होतं. परतीच्या वाटेवर काही फुटलं-तुंबलं तरी पुढच्या बेअरिंगला तेल मिळणं लगेच थांबत नाही. अडचण एवढीच की या इंजिनात परतीची वाट ओतकामाच्या आतून जाते. बाहेरून हात लागत नाही.

भाच्यानं बोट ठेवलं ते उजव्या बाजूनं हेडकडं चढणाऱ्या बारीक नळ्यांवर. “या आहेत ना बाहेर. रॉकरला तेल नेणाऱ्या. इथं बँजो बोल्ट काढायचा, कूलरची लाइन मध्ये घालायची.”

“ही नळी केवढी?”

“पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड.”

“मंग तेल किती जाईन तिच्यातून? तेवढंच थंड होईन. टाकीतलं सव्वादोन लिटर तसंच उकळत राहीन. अन् एवढ्याशा धारेले एवढी मोठी जाळी फिरून यायची, दीड हाताच्या पाइपातून. वरच्या रॉकरले काय उरन?”

“मग फिल्टरच्या झाकणातून घेऊ. तिथं सगळं तेल येतं.”

मामांनी फिल्टरच्या झाकणावर तळहात ठेवला. लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. “इथून तेल बिगेंडले जातं. हा रस्ता मी अडवू देणार नाही. पाइप उकलला, नट ढिला झाला, समोरच्या ट्रकच्या चाकाखालून गोटा उडून जाळी फुटली, तर राजूरच्या घाटात दोन मिनिटांत बिगेंड बसन. मंग सर मले फोन करतीन. तुले नाही करणार.”

ते खरं होतं. मी मामांनाच फोन केला असता.

भाच्यानं हार मानली नाही, आणि मला त्याचं ते आवडलं. त्यानं गाडीच्या पुढच्या नळीवर, मडगार्डच्या मागं जागा दाखवली. तिथं वारा लागतो. मामांनी विचारलं, ती जागा टाकीपेक्षा वर आहे की खाली? वर. म्हणजे रात्री गाडी उभी राहिली की कूलरमधलं तेल हळूहळू खाली उतरणार. या इंजिनाला तशीही खोड आहे, उभ्या-उभ्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली क्रँकमध्ये साचतं आणि सकाळी सायलेन्सर निळा धूर टाकतो. आता सकाळी आधी कूलर भरणार, मग वर तेल पोचणार, तोवर रॉकर कोरडे घासणार. भाच्यानं त्यावर उलट न फिरू देणारा व्हॉल्व्ह सुचवला. मामा म्हणाले, “एक दुखणं काढाले तीन औषधं.” मग वाऱ्याचा मुद्दा निघाला. गाडी पन्नास-साठनं पळते तेव्हा जाळीला वारा लागतो, पण तेव्हा पात्यांनाही लागतो. होळीच्या वेळी सैलानीच्या यात्रेत पिंपळगाव सराईच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये तासभर रांगताना ना पात्यांना वारा, ना जाळीला. घाटातही ट्रकच्या मागं तेच. पंखा नसलेला कूलर तिथं काय करणार?

“तेल जास्त मावेल,” भाचा म्हणाला. “दीड-दोनशे मिली. तेवढं तापायला वेळ लागेल.”

“हां. हे खरं,” मामा म्हणाले. सगळ्या संध्याकाळीत त्यांनी मोकळेपणानं कबूल केलेला हा एकच मुद्दा.

चहाची दुसरी फेरी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तासभर दोघं एकशेवीस, शंभर, पंचेचाळीस असे आकडे एकमेकांवर फेकताहेत, आणि माझ्या गाडीचं तेल खरोखर किती तापतं हे त्या शेडमध्ये कुणालाच ठाऊक नाही. एक जण पुस्तकातून बोलतोय, दुसरा हातातून. मी तसं बोललो. भाचा उठला, पिशवीतून मल्टिमीटर काढला आणि त्याला लांब पिवळी वायर जोडली. टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा मणी. कारखान्यात भट्टीचं तापमान बघायला वापरतात तसली. “हे मी आणलंच होतं,” तो म्हणाला. “तुम्ही आधी कूलरवरच तुटून पडलात.”

रविवारी मलकापूरला गेलो. भाचा मागं बसला. परतीला घाट चढून बुलढाण्यात शिरायच्या आधी त्यानं गाडी थांबवायला लावली, तेलाचं झाकण काढून वायर आत सोडली. १२१.

धाडला येऊन त्यानं आकडा सांगितला तेव्हा मामा कूलर लावायला तयार होतील अशी माझी अटकळ होती. ते खाली बसले आणि सायलेन्सरच्या बाकाकडं बोट दाखवलं. हेडपासून वीतभर नळी निळी-जांभळी पडली होती. “हे कवापासून?” मला सांगता आलं नाही. रोज दिसणारी गोष्ट कवापासून ते कोण सांगणार. त्यांनी प्लग काढला. टोक पांढरं, चुन्यासारखं. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या पॅकिंगपाशी त्यांनी थोडं पेट्रोल टपकवलं, इंजिनाचा आवाज बदलला. तिथून हवा शिरत होती. मग पॉइंटचं झाकण. आतली ॲडव्हान्सची वजनं वाळलेल्या ग्रीसनं जागीच घट्ट बसली होती, स्प्रिंग असून नसल्यासारखी. इंजिन वेग घेई, पण ठिणगी आपली आळसात, मागाहून. पेट्रोल सिलिंडरमध्ये जळायच्या ऐवजी निम्मं नळीत जाऊन जळत होतं. नळी निळी पडणार नाही तर काय होईल?

त्यानंतर जे काम झालं त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी बघत बसलो. सिलिंडरच्या पात्यांमध्ये काळी माती आणि गळलेलं तेल मिळून भाजलेल्या विटेसारखा थर झाला होता. मामांनी छत्रीची काडी चपटी करून, रॉकेलमध्ये बुडवून एकेक पाती मोकळी केली. पॉइंटचा गॅप फिलर गेजनं लावला, ०.३५ आणि ०.४० च्या मध्ये. टॅपेट लावताना गेज वापरलंच नाही. थंड इंजिनात पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला. सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. त्यांनी माझं बोटही तिथं लावून घेतलं. मला फरक कळला नाही. भाच्याला कळला.

पुढच्या रविवारी पुन्हा घाट, पुन्हा तीच जागा, ऊन आदल्या खेपेपेक्षा कडकच. १०४.

“सतरा डिग्री,” मामा म्हणाले. “तुह्या जाळीनं किती केली असती?”

“दहा. पंधरा फार तर.” भाचा प्रामाणिक आहे. “पण मामा, आता एकशेचारवरून ती नव्वदवर आली असती.”

“नव्वदवर आणून काय करू? एकशेचार काही वाईट हाये?”

“नाही. चांगलं आहे.”

“मंग?”

भाचा थोडा वेळ जाळीवरची धूळ फुंकत बसला. मग जे बोलला ते मला अजून आठवतं. “मामा, तुम्ही त्या दिवशी एकशेएकवीस बघायच्या आधीच नाही म्हणालात. तेव्हा तुम्हाला टायमिंगचं ठाऊक नव्हतं. पॉइंटचं झाकण तुम्ही उघडलंच नव्हतं. नवी वस्तू बघितली आणि नाही म्हणालात.”

गॅरेजात कुणी काही बोललं नाही. मामा हात पुसत राहिले. गेल्या जानेवारीत गाडी त्यांच्याकडंच आली होती, तेव्हाही ते पॉइंटचं झाकण उघडलं गेलं नव्हतं, हे तिघांनाही आठवत असणार. मी बोललो नाही. वडिलांपासूनचे संबंध आहेत.

“घेऊन जा तुहा कूलर,” मामा शेवटी म्हणाले. “वाळूजले कोणाच्या तरी गाडीले लाग लागन. ज्याच्यात बाहेरून रस्ता हाये अन् पंपात जोर हाये, त्याले लाव. झडपेसकट लाव.” भाच्यानं जाळी, पाइप, वायसरची पुडी खोक्यात भरली. मल्टिमीटरही पिशवीत टाकायला उचलला.

“ते राहू दे.”

“हे मामा? हे माझं आहे.”

“तुहंच राह्यलं. इथी ठेव.”

मंगळवारी मी स्टँडकडं निघालो होतो. गॅरेजपुढं दुधाच्या कॅनी लावलेली एक स्प्लेंडर उभी होती, इंजिन चालू, तेलाच्या झाकणाच्या भोकातून पिवळी वायर बाहेर आलेली. दूधवाला घाईत घड्याळ बघत होता. मामांनी एका हातानं मीटरवर सावली धरली होती आणि खांद्यात मान वाकवून फोन दाबला होता.

“शहाण्णव दाखवून राह्यलं,” ते फोनवर सांगत होते. “आता हे कमी म्हणाचं का जास्त?”